झोपेत गेलेली माणसं

"आपल्या रक्तात आजाराला थाराच नाही!" ती लहान असतानाच गेलेल्या वडिलांचा तो ऐटबाज आवाज तिच्या कानांत अजून होता. आणि हातात होता रक्ततपासणीचा अहवाल: रोगप्रतिकारशक्तीच्या एका जनुकात किंचित बदल.

"एवढ्यावरून घाबरायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण घरात कुणाला मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला असेल, तर तुम्हाला दरवर्षी तपासणी लागेल. आजोबा कशानं गेले?"

उत्तर सोबत आलेल्या आत्यानं दिलं. "झोपेत."

"थोरले काका?"

"तेही झोपेतच. कुणाला त्रास म्हणून दिला नाही."

"आणि वडील?"

"झोपेतच हो. आमच्या घराण्यात सगळे असेच जातात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्या घरात कुणाला झोपू देऊ नका."

भाचीला हसू फुटलं, पण तिनं कागदावरची ती ओळ पुन्हा वाचायला घेतली. आत्या त्या कागदाकडे बघत राहिली. मग इतकी वर्षं ताठ ठेवलेली तिची मान हळूच खाली गेली.

"लिहा," ती म्हणाली. "तिघांनाही तोच होता. आणि चौथी मी. गेल्या वर्षी हवापालटाला गेले होते ना गं, तेव्हा एक मूत्रपिंड काढून आले."