चौथा सड

लाल ठिपका पिवळा झाला, तसा सुनील खुर्चीत पुढं सरकला. त्यानं माऊसनं पडद्यावरचे गोळे आणखी जवळ ओढले आणि पुन्हा शोध सुरू केला.

खेळ अंतराळातला. नुसत्या डोळ्यांना तिथं काळोख अन् चांदण्याच दिसतात. लपलेल्या जागा हुडकायच्या तर यानातून प्रोब, म्हणजे शोध घेणारे गोळे, सोडायचे, ते ग्रहाभोवती पसरायचे आणि घेर आवळत आणायचा. ठिपका हिरवा झाला की जागा घावली. तिथं मोडक्या यानांत पेट्या पडलेल्या असतात. आधी येईल त्याच्या.

सुनीलला पेट्यांशी काडीचं घेणं नव्हतं. पेट्यांचा नाद धाकट्या भावाचा, समर्थचा. खेळ त्याचा, कॉम्प्युटर त्याचा. समर्थ मात्र दिवाळीनंतर राहुरीजवळच्या या घरातून निघून गेला तो गेलाच. फोनसुद्धा बंद.

निमित्त झालं हरणी गाईचं. पहाटे ती दवानं भिजलेल्या लसूणघासात शिरली आणि पोट फुगून दुपारच्या आत मेली. घासाच्या वाफ्याचं फाटक लावायचं काम समर्थचं. तो सांगत राहिला, "आण्णा, मी कडी लावली हुती." वडलांनी, आण्णांनी, ऐकून घेतलं नाही.

"त्या डब्यात डोळं घालून बसतो, तुला कडी कुठली दिसायची? जा, तोंड दाखवू नको मला."

कडी त्यानं लावली होतीच. नंतर घासाचा भारा आणायला सुनील गेला होता आणि फाटक तसंच टाकून आला होता. हे त्याला तेव्हाच आठवलं, बाप ओरडत असतानाच. पण गडी मूग गिळून बसला. वाटलं, राग निवळला की सांगू. तोवर समर्थनं बॅग भरली, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही.

समर्थचा मित्र बजरंग एकदा गोठ्यात येऊन म्हणाला, "तो कुठंबी असू दे सुनीलदादा, खेळ सोडायचा न्हाई. तिथंच हुडक त्याला." आण्णा तेव्हा बाजूला धार काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून सुनील खेळ शिकला. आण्णांनी बघितलं तर कॉम्प्युटर उकिरड्यावर जाईल, ही धास्ती होतीच. पण आण्णा गावच्या दूध डेअरीचं काम बघायचे, आणि हल्ली संध्याकाळचं दूध घेऊन झालं तरी लवकर घरी येत नसत.

"दूध मोजायला एवढा वेळ?" आई, मुक्ताबाई, दारातून म्हणाली. "अन् आले की डोळं लालभडक. इचारलं तर खेकसत्यात."

"डेअरीत कॉम्प्युटर बसवलाय. जमत नसंल त्यांना."

"तू तरी ऊठ. तो गेला अन् त्याचं येड तुला लागलं." ती जरा थांबली. "त्याचा काय पत्ता लागला का रं?"

"न्हाई, आई."

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. चोराच्या मनात चांदणं. आईनं नुसतं बघितलं तरी त्याला वाटायचं, हिला सगळं कळलंय. ती चुलीकडं गेली तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

पत्ता लागला नव्हता, पण माग लागला होता. या आठवड्यात तो ज्या ज्या लपलेल्या जागी गेला, तिथं कुणीतरी आधीच येऊन गेलेलं होतं. चारपैकी तीन पेट्या रिकाम्या. चौथी भरलेली, हात न लावलेली. या खेळात भरली पेटी कुणी सोडत नाही, लोक मोडके खिळेसुद्धा उचलून नेतात. आणि हे एकदा नाही, दर ठिकाणी.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा सुनीलच्या अंगावर काटा आला होता. गाईच्या कासेच्या चार सडांपैकी तीन सडांचं दूध आपलं, चौथ्याचं वासराचं, ही त्यांच्या घरची रीत. डेअरीवरचे लोक हसायचे. आण्णांनी दोघा पोरांना धारेला बसवलं ते हीच रीत शिकवून. समर्थ तर ती कधी मोडायचा नाही.

ठिपका हिरवा झाला. सुनीलनं यान तिकडं घातलं.

मोडक्या सांगाड्याजवळ एक बारकं, अगदी स्वस्तातलं यान उभं होतं. समर्थचं यान मोठं होतं. कुणी ओळखू नये म्हणून नव्यानं सुरुवात केली असणार. सुनीलनं नाव वाचलं. हरणी.

यान पळून जाईल या भीतीनं त्यानं भराभर लिहिलं.

'समर्थ, जाऊ नको. मी सुनील.'

यान जागचं हललं नाही.

'फाटक मी उघडं टाकलं हुतं. तू कडी लावली हुती. आण्णा तुला बोलत हुते तवा मी गप बसलो. हरणी माझ्यामुळं मेली. तूबी माझ्यामुळंच गेलास. घरी ये. आण्णांना मी सांगतो, आजच सांगतो. त्यांनी मला हाकलून दिलं तरी चालंल.'

त्यानं डोळे पुसले. किती तरी दिवसांनी छाती मोकळी झाली. समर्थ येईल, आधी बोलणार नाही, मग आईच्या हातची बाजरीची भाकर खाऊन बोलेल. आण्णा त्याच्यासमोर काय तोंडानं उभे राहतील, हे मात्र त्याला समोर दिसेना.

उत्तराला लई वेळ लागत होता. रुसलाय, सुनीलला वाटलं. रुसू दे.

मग पडद्यावर ओळ उमटली.

'सुनील, डेअरीत ये. समर्थ मलाबी अजून घावला न्हाई.'