भवानीचा रुपया

मंजुश्रीनं स्वतःच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवला आणि लॅपटॉपकडे श्वास रोखून बघत बसली. तीन सेकंद गेले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: पैसे मिळाले.

"आले, अक्का!"

बाणूबाईनं लोकर कातायची चाती खाली ठेवली. पडद्याला बोटं लावली, मग तीच बोटं डोळ्यांना लावली. "भवानी झाली," ती म्हणाली.

भालकी तालुक्यातल्या मेहकरात घोंगड्या विणणाऱ्या अकरा बायकांचा गट होता आणि बाणूबाई त्याची प्रमुख. बिदरच्या नौबादमधून आलेली मंजुश्री गटाची वेबसाइट पेमेंट कंपनीला जोडत होती. तिच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलंच काम. उद्या दहा वाजता साइट खुली होणार म्हणून भालकीपर्यंत पत्रकं वाटून झाली होती. कंपनीची एकच अट उरली होती: खऱ्या खात्यावर एक रुपया घेऊन दाखवा, तोच परत करून दाखवा, दोन्हीचे स्क्रीनशॉट पाचच्या आत पाठवा. सव्वाचार वाजले होते.

"आता हा परत धाडते," मंजुश्री म्हणाली.

"कुणाला?"

"मलाच. नुसती चाचणी हाय, अक्का."

"भवानीचा पैसा परत करायलीस?" बाणूबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, चढलेल्या आवाजाशी भांडता तरी येतं. "काय घेतलीस रुपयाचं?"

"काईच न्हाई."

बाणूबाईनं काळ्या लोकरीचा वीतभर दोरा तोडला आणि तिच्या मनगटाला बांधला. "हे घे. दिष्ट लागत न्हाई. रुपया घेतला, माल दिला. आता मागायचं न्हाई."

झालं! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत खूप काही शिकवलं होतं, पण भवानी आडवी आली तर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मंजुश्रीनं ऑर्डरींचा तक्ता उघडला. 'मिळाले'च्या जागी हातानंच 'परत केले' असं टाइप केलं की स्क्रीनशॉट तयार. कोण बघायला येणार होतं? बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा.

"काय लिहायलीस?"

"रुपया परत गेला म्हणून."

"गेला व्हय?"

"न्हाई."

"मग कामून लिहायलीस?"

मंजुश्रीचे कान तापले. बोटं मागं आली.

बाणूबाईनं कमरेच्या पिशवीतून आपला मोबाइल काढला. "माझा रुपया घे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला भवानीचं काय न्हाई. तो मला परत कर."

तिनं एकेक आकडा दाबून, प्रत्येकाला थोडा वेळ देत, रुपया पाठवला. पैसे मिळाले. मंजुश्रीनं त्या ऑर्डरीपुढचं 'परत करा' दाबलं. लगेच मोबाइल वाजला.

वाजला तो मंजुश्रीचा.

एक रुपया जमा. तिनं पुन्हा बघितलं. बाणूबाईचा रुपया जागच्या जागी होता आणि परत आला होता तो भवानीचा. तिनं कोड उघडून पाहिला. तिचा प्रोग्रॅम नुसती रक्कम बघून ऑर्डर शोधत होता, आणि त्या रकमेची पहिली सापडेल तिचे पैसे परत करत होता. आजवर तिनं एका वेळी एकच रुपया तपासला होता, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. उद्या अठराशेच्या दोन घोंगड्या विकल्या गेल्या असत्या, एक परत आली असती तर तिचे पैसे भलत्याच गिऱ्हाइकाला गेले असते, आणि अकरा बायकांच्या नावानं तालुकाभर शिमगा झाला असता. आणि ती तर हातानं लिहून मोकळी होणार होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"दोन्ही रुपये सारखेच की, अक्का. पहिला हाती लागला तो धाडला त्यानं."

"कळपात मेंढरं बी सारखीच दिसत्यात," बाणूबाई म्हणाली. "म्हणून तर कानाला खूण करत्यात. तू कान बघितली न्हाईस."

मंजुश्रीला हसू आलं. प्रत्येक ऑर्डरीला तिनंच वेगळा नंबर दिला होता. खूण होती, बघायची तेवढी राहिली होती. तिनं रक्कम शोधणारी ओळ खोडली, नंबर शोधणारी लिहिली, दोनदा वाचली आणि पुन्हा दाबलं. या वेळी बाणूबाईच्या मांडीवरचा मोबाइल वाजला.

स्क्रीनशॉट गेले तेव्हा पाचला सात मिनिटं होती. थोड्या वेळानं कंपनीचं उत्तर आलं: मंजूर. आता साइट खुली करायची वेळ लावून द्यायची, आणि एक बटण दाबायचं.

मंजुश्रीचं बोट बटणावर थांबलं. "भवानीचा रुपया माझ्याकडंच आला, अक्का. दोरा सोडू का?"

"दिलेला माल कोन परत घेतंय?" बाणूबाईनं हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

मंजुश्रीनं पर्स उपसली. तळाशी, बायकांना बसमध्ये मिळणाऱ्या फुकट तिकिटांच्या चोळ्यामोळ्याखाली, रुपयाचं एक नाणं सापडलं. ते तिनं त्या हातावर ठेवलं. बाणूबाईनं नाणं डोळ्यांना लावलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ ओढून बघितली.

"आता दाब," ती म्हणाली.