धरलेली कॉलर

१९९१चा मे. रणजीची फायनल, मुंबईचे नऊ गडी बाद. बाळकुमच्या गोमाजीचा रेडिओ खिडकीत बोंबलत होता, तेवढ्यात शेजारच्या सीतारामने त्याच्या वाळत घातलेल्या जाळ्यावरून सायकल घातली. गोमाजीने त्याची कॉलर धरली, सीतारामने गोमाजीची गचांडी धरली, आणि नेमका तेव्हाच रेडिओवर चौका लागला.

"हलू नका रे, मेल्यांनो!" गोमाजीची बायको आवडाबाई ओरडली. "हेच लाभतंय!"

टीमला लाभलेली जागा सोडायची नसते, हे दोघांनाही पटत होतं. म्हणून भर उन्हात ते तसेच उभे राहिले. रन वाढत गेले. आवडाबाईने दोघांना पाणी पाजलं.

"मॅच संपू दे, तुझं थोबाडच फोडतो," गोमाजी दर ओव्हरला बजावत होता.

"आधी जिंकू दे. मग तुझे दात मोज," सीताराम म्हणायचा.

जिंकायला तीन रन हवे असताना सीतारामला शिंक आली आणि त्याचा हात सुटला. शेवटचा गडी रनआउट झाला.

गोमाजी तडक पोलीस चौकीत गेला. फाटलेल्या जाळ्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तक्रार केली ती शिंकेची.



हवालदाराने टेबलावरचा रेडिओ बंद केला, टोपी चढवली आणि दांडका उचलून विचारलं, "कुठाय तो?"