बारशाआधीची चाळणी

पाळण्याला फुलं बांधून झाली होती. बारशाआधी नर्सबाईंनी बाळाच्या नाकात मोत्याएवढ्या दोन चाळण्या बसवल्या. आता शहराचा धूर त्याच्या छातीत उतरणार नव्हता. पण कसला वासही येणार नव्हता.

शाल्मलीने हे काम पुढे ढकलायची खटपट केली होती. पण तिची नणंद विनया जिना चढून धापा टाकत आली आणि शाल्मलीने बाळ नर्सबाईंपुढे धरलं. विनयाच्या लहानपणी चाळण्या नव्हत्या. धुरापायी ऐन पस्तिशीत तिच्या हृदयात दोन स्टेंट होते.

बाळ रडू लागलं. एरवी आईच्या कुशीत नाक खुपसलं की ते गप्प व्हायचं. आज मात्र ते परक्या बाईने उचलल्यासारखं पदरात तोंड घासत राहिलं. शाल्मलीचे डोळे भरून आले.

नाव सांगायला आत्या म्हणून विनया बाळाच्या कानाशी वाकली आणि तशीच थांबली.

"शाल्मली, तूच सांग."

"अहो वन्सं, मान तुमचा आहे!"

"मानाचं राहू दे गं. त्याला आत्ता तू सापडत नाहीयेस."

शाल्मलीने कानाशी ओठ नेले. "ईशान... मी आहे रे, इथेच आहे."

रडता रडता बाळ थबकलं आणि आवाजाकडे तोंड वळवू लागलं.