पहिल्या रविवारचा दोरा

डाव्या गालात एक टपोरी गोळी धरली आहेस, अशी कल्पना कर. ती चघळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. आता आरशात बघ. अगदी तशीच दिसायची ती मुलगी. शाळेत नव्या बाई आल्या की आधी म्हणायच्या, "तोंडातलं काढ बघू!" म्हणून तिचं नावच पडलं, गोळी.

गोळीच्या जबड्यात एका जागी नेहमीच्या हाडाऐवजी तंतू आणि कोवळं हाड यांची सरमिसळ वाढली होती. एक्स-रेमध्ये ती जागा न्हाणीघराच्या खिडकीसारखी धुरकट दिसे.

"गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले होते. "मुलगी मोठी होईल तशी गाठीची वाढ थांबेल. नाहीच थांबली, तर थोडं हाड तासावं लागेल. तोवर घरी मोजत जा."

आई शिवणकाम करायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती गोळीला मशीनजवळ बसवी. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत गालावरून दोरा धरी, हनुवटीपाशी गाठ मारी, पट्टीवर मोजून आकडा वहीत लिही. मग दोरा बटणांच्या डब्यात जाई.

"गाठीसाठी गाठ!" बाबा म्हणत.

पुढे छोटा जन्मला. गोळीची आईची मांडी गेली, कूस गेली, गोष्ट गेली. "तू मोठी ना आता!" हे दिवसातून दहादा ऐकू येई. छोटा नुसता कुरकुरला, तरी आई शिलाई अर्धवट टाकून धावे. तो पाळण्यात हसला की गोळीला वाटे, मलाच चिडवतोय मेला.

पहिला रविवार मात्र तिचा होता. आईचे दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावर असत. छोट्याने टाहो फोडला, तरी आई म्हणे, "थांब रे, आधी ताईचं." वही हल्ली निघत नसे, दोरा सरळ डब्यात जाई. वेळ होता कुठे!

एकदा मावशी आली. डब्यातले दोरे एकमेकांना लावून बघत म्हणाली, "पोरीची गाठ कधीची थांबलेली दिसतेय. कसलं मोजत बसतेस? त्यापेक्षा जरा पाठ टेक."

"बघू," आई म्हणाली.

आईचं 'बघू' म्हणजे 'बंद', हे गोळीला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप डबा उघडला. ताज्या दोऱ्याची गाठ सुईने सोडवली आणि दोन तांदळांएवढी पुढे मारली. पुढच्या महिन्यात तीन. गाठ वाढतेय म्हटल्यावर मोजणं बंद कोण करील?

असे सात-आठ दोरे झाले आणि वर्षाच्या तपासणीचा दिवस आला. त्या दिवशी मावशी पुन्हा आली होती. आई आणि गोळी निघताना ती म्हणाली, "वाढली असेल तर तासतील हो या खेपेला."

गोळी बटणांच्या डब्याकडे धावली. तिने डबा दप्तरात घातला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला. बराच वेळ बघितला. "हं," म्हणाले आणि पेन उचललं.

"तासू नका!" गोळी ओरडली. तिने डबा टेबलावर उपडा केला. बटणं चहूकडे घरंगळली. "दोरे खोटे आहेत. गाठी मी सरकवल्यात!"

"कशाला गं?"

"आईने मोजायचं बंद केलं असतं ना!"

डॉक्टरांनी दोऱ्यांकडे बघितलं, एक्स-रेकडे बघितलं. "अगं, तुझी गाठ आहे तिथेच आहे." मग ते आईकडे वळले. "पण हे दोरे अजून चालू आहेत? ते तर मी तुम्हाला मागच्याच वर्षी बंद करायला सांगितले होते."

आई खुर्चीवरून उठली. खाली वाकून बटणं वेचत राहिली. तिच्या खांद्यावर छोट्याने भोकाड पसरलं.

गोळीने डब्यातून पडलेल्या रिळाचा नवा दोरा तोडून आईच्या हातात दिला. सवयीने गाल पुढे केला, आणि थांबली.

"आधी छोट्याचं," ती म्हणाली.