पितळी कॅप

थोरल्याने मापासाठी आणलेला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा काउंटरवर आपटला. "याला एंड कॅप द्या. प्लास्टिकचीच. तापवून चिकटवतात ती."

दुकानवाल्या बाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "प्रेशरची लाइन आहे का?"

"मोटरची. आमच्या भिंतीतून पलीकडे धाकट्याच्या घरात जाते. आता बंद करायचीय."

मागे स्टुलावर वडील बसले होते. ती लाइन त्यांनीच टाकली होती. एक मोटर दोन्ही घरांना पुरेल, असा तेव्हा त्यांचा हिशेब होता.

"चिकटवलेली कॅप पुढे कधी काढता येते का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. पाइपच कापावा लागतो."

"मग आट्यांची द्या. खोलता येईल अशी."

"बाबा, सोक्षमोक्ष लावायला आलोय आपण," थोरला म्हणाला. त्याला घाई होती. भांडायला मात्र दोघा भावांना सवडच सवड मिळाली होती.

वडील उठून फळीपाशी गेले. त्यांनी एक लोखंडी कॅप उचलली, हातात तोलली. पाइप कसलाही असो, कॅप ते आयुष्यभर लोखंडीच लावत आले होते.

बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "ही गंजून जाम होईल. मग खोलायला जोर लावला की प्लास्टिकचा पाइपच फाटतो. पितळी घ्या. वीस वर्षांनी खोला, निघेल."

वडिलांनी पितळी कॅप फिरवून पाहिली. बाईंनी पुढे केलेल्या आट्यांच्या जोडावर लावली, काढली, पुन्हा लावली. वीस वर्षं काही आपल्या हातात नाहीत, हे त्यांना कळत होतं. थोरला रस्त्याकडे बघत राहिला.

"हीच द्या."

"देते. पण एकट्यादुकट्याचं काम नाही बरं का," बाई कॅप कागदात गुंडाळत म्हणाल्या. "एकाने भिंतीच्या या बाजूला पाइप घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्या बाजूला कॅप फिरवायची. नाहीतर पाइप भिंतीतच पिळतो. लावतानाही तसंच आणि खोलतानाही तसंच. आहेत ना घरात दोघं?"

वडिलांनी पुडी घेतली.

"लावायला आहेत," ते म्हणाले.