रुपीबाई गोड बोलली

"थकले असान तुमी. बसा असे माह्याजवळ," रुपीबाई म्हणाली, आणि खेमसिंगच्या हातातला चहा त्याच्याच धोतरावर सांडला.

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याला 'तुमी' म्हटलं नव्हतं. भैताड म्हटलं होतं, बह्याड म्हटलं होतं, रागाच्या भरात बैलाच्या नावानेही हाक मारली होती. घाटंजीकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर लोक कोंबड्यापेक्षा रुपीबाईच्या तोंडावर जास्त विसंबून होते. ते सुरू झालं की उजाडलं समजायचं. यवतमाळच्या या दवाखान्यात आल्यावरही तीन दिवस तोंडाचा पट्टा चालूच होता. उजव्या बरगडीखाली कळ आली की खेमसिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पित्ताशयात खडे निघाले होते आणि ते सुजून टम्म झालं होतं. साखरही चढलेली. ती उतरली की सोमवारी ऑपरेशन, असं ठरलं होतं.

आज सकाळी सातच्या सुमाराला कळ एकाएकी थांबली. आईला 'याडी' म्हणणारा मुलगा बबलू हरखला. "याडीले आराम पडला!" असं त्याने फोनवर तांड्याला कळवून टाकलं. सून रंजिता पिशवी भरायला लागली. वैष्णवी सिस्टरनेही कागदावर 'आराम' असं लिहिलं. सगळा वॉर्ड खूश होता. एकटा खेमसिंग तेवढा ओलं धोतर झटकत बायकोकडे बघत उभा होता.

तो तडक डॉक्टर निशिगंधांच्या खोलीत शिरला. बाई सर्जन होत्या, दुसऱ्या ऑपरेशनच्या गडबडीत होत्या.

"काय झालं, बाबा?"

"मॅडम, बायको गोड बोलून राह्यली."

मागून आलेली वैष्णवी सिस्टर फिसकन हसली. डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. "मग चांगलंच आहे की!"

"नाही जी. चाळीस वर्सात बोलली नाही. काहीतरी बिघडलं हाय. तुमी एक डाव येऊन पाहा."

म्हातारा हात जोडून दारातच उभा राहिला. वाट देईना. बाई उठल्या त्या थोड्या वैतागूनच.

रुपीबाईच्या खाटेशी गेल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. हात गार होते, नाडी पळत होती आणि पोट पाटासारखं घट्ट झालं होतं. त्यांनी सगळ्यांना तिथेच सांगितलं, "पित्ताची ताणलेली पिशवी फुटली की ताण जातो. थोडा वेळ बरं वाटतं. पण आतली घाण पोटभर पसरते. सोमवारपर्यंत थांबता येणार नाही, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. साखर आहे, वय आहे. धोका आहे, पण न केलं तर या संध्याकाळ पाहतील असं मला सांगता येत नाही."

बबलू आडवा आला. "कायले चिरता मॅडम? आता तर दुखत बी नाही तिले."

बाईंनी रुपीबाईलाच विचारलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "हे म्हनतीन तसं," ती हळूच म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा बायकोने निर्णय खेमसिंगवर सोडला होता, आणि तो असला. त्याने कागद ओढला. रुपीबाईचा अंगठा उठवला, खाली आपली वाकडीतिकडी सही केली. "न्या," एवढंच म्हणाला.

अडीच तास तो ऑपरेशनच्या दारासमोर उकिडवा बसून होता. बबलू त्याच्याशी बोलत नव्हता. एकदाच जवळ आला आणि म्हणाला, "चांगली बोलत होती याडी. काही झालं तं तुमच्यामुळं." हेच खेमसिंगही मनातल्या मनात स्वतःला विचारत होता. एका गोड शब्दावरून आपण बायकोचं पोट उघडायला लावलं, हे तांड्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं?

दार उघडलं. डॉक्टर निशिगंधांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. घामाने त्यांचा चेहरा डबडबला होता आणि त्या हसत होत्या.

"दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडावं लागलं. पित्ताशय काळं पडून फुटलं होतं, आत पू होता. काढलं सगळं, धुतलं. वाचल्या!" मग त्या बबलूकडे वळल्या. "आज घरी नेलं असतं, तर परत आणायची वेळच आली नसती. तुझ्या बापाने वाचवलं तिला."

बबलूने भर व्हरांड्यात बापाचे पाय धरले. खेमसिंग ढसाढसा रडला, आणि रडताना हसतही होता. वैष्णवी सिस्टरने त्याच्यासाठी स्वतः जाऊन चहा आणला. दुसऱ्या दिवशी राऊंडला शिकाऊ डॉक्टरांची रांग त्याच्यापुढे थांबली. "दुखणं अचानक थांबलं की खूश व्हायचं नाही, पोटाला हात लावायचा," बाई त्यांना म्हणाल्या. "आणि पेशंटच्या माणसाचं ऐकायचं. यांचं मीसुद्धा हसण्यावारी नेलं होतं." खेमसिंगने फेटा नीट केला. आख्ख्या वॉर्डात त्याच्यासारखा मानाचा पाहुणा नव्हता.

चौथ्या दिवशी रुपीबाई आयसीयूतून वॉर्डात आली. कुशीला निचऱ्याची नळी होती, आवाज खोल गेला होता, पण नजर लख्ख होती. खेमसिंग शेजारच्या खाटेवाल्यांना पाचव्यांदा तीच कथा सांगत होता. "ही गोड बोलली अन् म्या लगेच वळखलं, हिचं डोकं फिरलं!"

"डोकं नोतं फिरलं," रुपीबाई म्हणाली.

खेमसिंग तिच्या खाटेशी येऊन बसला.

"दुखनं असं एकाएकी सुटलं, तवाच समजलं मले, आता आपलं काही खरं नाही." तिने त्याचा हात हातात घेतला. "म्हटलं, जाता जाता एक डाव तरी मनातलं बोलून जावं."